‘सरसकट ५०% सूट’ या पाटीखाली कायदा नेमकं काय बघतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताईंनी दिवाळीच्या सेलमध्ये नवऱ्यासाठी कुर्ता घेतला. दुकानावर मोठा फलक होता, ‘सरसकट ५०% सूट’. कुर्त्याच्या टॅगवर ‘एमआरपी ३,९९९ रुपये, सर्व करांसह’. बिल आलं ते १,९९९.५० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ९९.९८, आणि कागदी पिशवीचे १२. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की महिनाभरापूर्वी याच दुकानात याच कुर्त्याचा फोटो काढून त्यांनी बहिणीला पाठवला होता, आणि त्या फोटोत २,२०० रुपयांची चिठ्ठी दिसते आहे. दुकानात परत गेल्या तर उत्तर मिळालं, ‘सेलचा माल बदलून नाही, परत नाही.’ ही फसवणूक आहे का, चारशेवीसची तक्रार करता येईल का, की सोडून द्यावं, असं त्या विचारतात.

ताई, ग्राहक आयोगांत वकिली करताना मी अशी बिलं बरीच पाहिली आहेत. तुमच्या या एका बिलात चार वेगवेगळे वाद आहेत आणि चारही सारख्या ताकदीचे नाहीत. तुम्हाला सगळ्यात जास्त खुपतोय तो २,२०० आणि ३,९९९ चा फरक. पण सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तो ९९ रुपये ९८ पैशांचा, ज्याचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलात. म्हणून सुरुवात तिथून करतो.

एमआरपी म्हणजे सर्व कर धरून ग्राहकाकडून घेता येणारी कमाल किंमत. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ती ‘सर्व करांसह’ अशीच छापावी लागते. म्हणजे ३,९९९ मध्ये कर आधीच बसलेला आहे. त्याची निम्मी रक्कम १,९९९.५० झाली, तर तिच्यातही कर बसलेलाच असणार. दुकानाचा हिशेबनीस तुम्हाला सांगेल की सवलत दिल्यानंतरच्या रकमेवर कर लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तो खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो. कर सवलतीनंतरच्या मूल्यावरच लागतो, पण ते मूल्य १,९९९.५० च्या पोटातून काढायचं असतं: १,९०४.२९ रुपये मूळ मूल्य आणि ९५.२१ रुपये कर. सरकारला तेवढाच कर जायला हवा होता आणि तुमच्या खिशातून १,९९९.५० च्या वर पैसाही जायला नको होता. प्रत्यक्षात तुम्ही कुर्त्याचे २,०९९.४८ दिलेत. म्हणजे पाटीवर ५० टक्के आणि हातात साडेसत्तेचाळीस.

या मुद्द्यावर निकाल आहे, आणि तो तुम्ही छापून सोबत ठेवावा असा आहे. चंदीगडच्या एका ग्राहकाने वुडलँडच्या दुकानातून ‘फ्लॅट ४०% ऑफ’ची जाहिरात पाहून खरेदी केली. बिलात सवलतीच्या रकमेवर वेगळा व्हॅट लावला गेला. जिल्हा मंच आणि राज्य आयोग दोन्हीकडे कंपनी हरली आणि राष्ट्रीय आयोगात गेली. तिथे ४ जानेवारी २०१७ रोजी आयोगाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि एमआरपीवर पूर्ण ४० टक्क्यांपेक्षा कमी सवलत देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं म्हटलं. यातला खरा मासला पुढे आहे. ‘कर वेगळे’ असं जाहिरातीत लिहिलेलं होतं, आणि तेही बारीक अक्षरांत लपवून नव्हे, ‘फ्लॅट ४०%’ इतक्याच आकारात. तरी आयोगाने ते मानलं नाही. भोळ्या ग्राहकाला स्वस्त किमतीचं आमिष दाखवायचं आणि ती किंमत खरी किंमत म्हणून द्यायचा इरादाच नसायचा, असा आयोगाचा रोख होता. तेव्हा व्हॅट होता, आता जीएसटी आहे, तत्त्व तेच. तुमच्या दुकानदाराने ‘अटी लागू, कर अतिरिक्त’ अशी पाटी दाखवली तरी तुम्ही बिचकायचं कारण नाही.

आता तुमच्या मनातल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. महिनाभरापूर्वी २,२०० ला विकला जाणारा कुर्ता सेलच्या दिवशी ३,९९९ चा होतो आणि मग ‘निम्म्या किमतीत’ मिळतो, हे कायद्यात बसतं का?

इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोंधळ पक्का बसलेला आहे. आपण एमआरपीला ‘मूळ किंमत’ समजतो. एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढंच ती सांगते. त्या किमतीला तो माल कधी कुणी विकला होता का, यावर ती काहीच बोलत नाही. ती ठरवतो उत्पादक, आणि ती किती ठेवायची यावर औषधांसारखे काही प्रकार सोडले तर सरकारचं नियंत्रण नाही. कपडे, चपला, बॅगा, गाद्या, फर्निचर या धंद्यांत वर्षभर सूट द्यायची हे गृहीत धरूनच छापील किंमत चढी ठेवली जाते, हे बाजारात बसणारा कुणीही सांगेल. काही माल तर फक्त सेलसाठीच बनवलेला असतो; त्याच्या टॅगवरची किंमत कोणत्याही गिऱ्हाइकाने कधीच मोजलेली नसते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र छापील किमतीपाशी थांबत नाही. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी लांबलचक व्याख्या आहे, तिच्यात एक वाक्य असं आहे की एखादी वस्तू सर्वसाधारणपणे कोणत्या किमतीला विकली जात होती किंवा विकली जाते, याबाबत लोकांची ठळक दिशाभूल करणं ही अनुचित प्रथा होय. आणि पुढे कायदा एक गृहीतक मांडतो, जे मला फार हुशारीचं वाटतं: दुकानदाराने किमतीचा उल्लेख केला, तर तो संबंधित बाजारात सगळे विक्रेते ज्या किमतीला माल विकतात त्या किमतीचाच उल्लेख आहे, असं धरलं जाईल. ‘ही आमच्या दुकानातली आधीची किंमत’ असं त्याने स्पष्ट लिहिलं असेल, तरच वेगळा विचार. याच कलमात ‘सवलतीची किंमत’ म्हणजे काय तेही दिलं आहे. जाहिरात वाचणारा सामान्य माणूस, त्या वस्तूची नेहमीची विक्रीची किंमत लक्षात घेता, जिला सवलतीची किंमत समजेल ती. मोजपट्टी ‘नेहमीची विक्रीची किंमत’ ही आहे, एमआरपी नाही.

ही भाषा काही २०१९ मध्ये सुचलेली नाही. कंपनी आणि मक्तेदारी कायद्यांचा आढावा घेणाऱ्या सच्चर समितीच्या शिफारशींवरून १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचं प्रकरण घातलं गेलं, तिथून ती १९८६ च्या ग्राहक कायद्यात आणि मग आजच्या कायद्यात आली. म्हणजे हे हत्यार चाळीस वर्षं जुनं आहे. ते फारसं चालवलं गेलं नाही याचं कारण पुरावा. नेहमीची किंमत काय होती हे सिद्ध करायचं ओझं ग्राहकावर पडतं, आणि सेलच्या आधी महिनाभर किमती टिपून ठेवणारा ग्राहक असतो कुठे?

तुम्ही तशा नकळत निघालात. त्या फोटोचं वजन तुम्हाला अजून कळलेलं नाही. दुकानदार आयोगात दोनपैकी एक बचाव घेईल. पहिला, ‘२,२०० ही तेव्हाची ऑफर होती’. हे म्हणणं त्याच्याच अंगावर येतं, कारण तेव्हाही ऑफर आणि आत्ताही ऑफर, तर मग ३,९९९ ला तो कुर्ता विकत होता तरी कधी? त्याची बिलं दाखव म्हणावं. बिलं त्याच्याकडे असतात, जीएसटीच्या हिशेबासाठी ठेवावीच लागतात, आणि ती हजर करायला लावण्याचा अर्ज आयोगापुढे करता येतो. दुसरा बचाव जास्त चिवट आहे: ‘आम्ही एमआरपीवर ५० टक्के म्हटलं होतं आणि एमआरपीवरच दिले’. म्हणून पाटीवर शब्दशः काय होतं ते महत्त्वाचं. ‘एमआरपीवर ५०% सूट’ असं असेल, तर अक्षरशः पाहता तो खोटं बोललेला नाही आणि तुम्हाला दिशाभुलीचा मुद्दा कष्टाने उभा करावा लागेल. नुसतं ‘सरसकट ५०% सूट’ असेल, तर वर सांगितलेलं गृहीतक थेट लागू होतं. २,२०० धरले तर तुमची खरी बचत २०० रुपये ५० पैसे होते, आणि वरून लावलेला कर धरला तर अवघे १०० रुपये ५२ पैसे. टक्क्यांत सांगायचं तर साडेचार.

तरी एक सावधगिरी. एका दुकानातली एक चिठ्ठी म्हणजे ‘संबंधित बाजार’ नव्हे. त्याच ब्रँडचा तोच कुर्ता दुसऱ्या दुकानात, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर सेलच्या आधी कितीला होता, याचा आणखी एखादा पुरावा मिळाला तर मुद्दा पक्का होतो. फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, बहिणीला पाठवलेला संदेशही पुसू नका, त्यावर तारीख आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेले नसतात, पण समोरच्या वकिलाला फाटे फोडायला जागा कशाला ठेवायची?

युरोपीय संघात हा पेच दिवसांच्या हिशेबाने सोडवला आहे. तिथे किंमत उतरवल्याची जाहिरात करायची तर आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत सोबत सांगावी लागते. हा नियम २८ मे २०२२ पासून लागू आहे. २०२४ मध्ये आल्डी झ्यूड या जर्मन किराणा साखळीच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने सवलतीची टक्केवारीसुद्धा त्याच किमतीवरून काढली पाहिजे, असं ठरवलं. जर्मनीत, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे तपासून पाहायला हरकत नाही. आपल्याकडे असा दिवसांचा आकडा कायद्यात नाही. असता तर तुमचं प्रकरण पाच मिनिटांचं होतं. माझ्या मते अशी तरतूद आपल्याकडे यायलाच हवी, आणि छोट्या दुकानदारालाही ती नकोशी वाटू नये, कारण फुगवलेल्या एमआरपीच्या शर्यतीत प्रामाणिकपणे १० टक्के खरी सूट देणाराच आज मागे पडतो.

टॅगवर चिकटवलेल्या स्टिकरबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण टॅग जपून ठेवला असेल तर नखाने कोपरा उचलून पाहा. किंमत कमी केल्याचं स्टिकर लावता येतं, मात्र त्याखाली उत्पादकाने छापलेली किंमत झाकली जाता कामा नये. छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर आढळलं तर ते वेगळंच प्रकरण. त्यासाठी वैध मापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करायची, आयोगाची वाट बघायची गरज नाही.

पाटीवर ‘सरसकट’च्या आधी किंवा नंतर एखादा बारीक ‘पर्यंत’ किंवा फुली होती का, हेही आठवून बघा. ‘७०% पर्यंत’ हे बेकायदा नाही, पण ‘पर्यंत’ वाचता आलं पाहिजे. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे की खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि अक्षरांचा फॉन्टही तोच हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रिक्षा-बाइक बोलावण्याच्या रॅपिडो या अ‍ॅपला १० लाखांचा दंड केला तो याच प्रकारातला. जाहिरात होती, पाच मिनिटांत रिक्षा नाही आली तर ५० रुपये मिळवा. प्रत्यक्षात ‘५० रुपयांपर्यंत’, तेही रोख नव्हे, कंपनीच्या अ‍ॅपमधल्या ‘नाण्यां’त, ती फक्त बाइकच्या फेरीसाठी आणि सात दिवसांत वापरायची. अटी होत्या, पण वाचता न येण्याइतक्या बारीक.

याच तत्त्वांत ‘आमिषाची जाहिरात’ही येते. १९९ चा शर्ट दाखवून गिऱ्हाईक आत खेचायचं आणि आत ‘तो संपला, हा ८९९ चा बघा’ म्हणायचं, असं करता येत नाही. जाहिरातीतल्या किमतीला पुरेसा माल हवा, साठा मर्यादित असेल तर तसं सांगायला हवं. ‘एकावर एक फुकट’चंही तेच. फुकटच्या वस्तूची किंमत पहिल्या वस्तूत घुसवली असेल तर ती फुकट नाही, असं कलम २(४७) म्हणतं. ऑनलाइन खरेदीत ‘फक्त २ शिल्लक’, पुन्हापुन्हा शून्यावरून सुरू होणारं घड्याळ, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, या सगळ्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नावं देऊन मनाई केली आहे; असे एकूण १३ प्रकार त्यात आहेत.

सोन्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पाडव्याच्या आणि अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर मला याच धर्तीचे प्रश्न येतात. ‘घडणावळीवर ५०% सूट’. दागिन्याला एमआरपी नाही, सोन्याचा भाव रोज बदलतो, आणि घडणावळ किती लावायची हे पेढीच ठरवते. घडणावळ १२ टक्क्यांवरून २४ वर नेली आणि मग निम्मी केली, तर तुम्ही होतात तिथेच. इथे टक्क्यांची सूट म्हणजे वाऱ्यावरची वरात. सूट किती हे विचारूच नका. त्याच वजनाच्या, त्याच शुद्धतेच्या दागिन्याची घडणावळ, खड्यांचं वजन आणि कर धरून अंतिम रक्कम लेखी मागा, एकाच दिवशी दोन पेढ्यांवर. जुन्या एस्टिमेटची चिठ्ठी असेल तर ती फेकू नका, तुमच्या कुर्त्याच्या फोटोइतकीच ती मोलाची आहे.

तुमच्या बिलातले उरलेले दोन मुद्दे पटकन सांगतो. पिशवीचे १२ रुपये: बिग बझारच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी म्हटलं होतं की खरेदी करून काउंटरवर आल्यावर, आधी ठळक सूचना न देता पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. दाराशीच तशी पाटी होती का, एवढं आठवून ठेवा. आणि ‘सेलचा माल परत नाही’: कुर्ता चांगला आहे, फक्त मन बदललं किंवा माप चुकलं, तर दुकानदाराला परत घ्यायला लावता येत नाही, सेल असो वा नसो. बदलून देणं हा त्याचा चांगुलपणा. पण शिवण उसवली, रंग गेला, कापड सदोष निघालं तर ती पाटी निरुपयोगी आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्यानेच अनुचित प्रथा ठरवली आहे. तुमच्या कुर्त्यात दोष नाही असं दिसतं, तेव्हा हा मुद्दा ताणू नका. कच्चा मुद्दा घातला की पक्क्याचंही वजन उतरतं.

चारशेवीसचं म्हणाल, तर भारतीय दंड संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली. फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. पोलीस ठाण्यात जाऊ नका. सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू होता हे फौजदारी कसोटीवर सिद्ध करणं अशा प्रकरणात जवळजवळ अशक्य, आणि ठाण्यात तुम्हाला ‘हे दिवाणी आहे’ हेच ऐकायला मिळेल.

मी तुमच्या जागी असतो तर आधी दुकानाच्या व्यवस्थापकाला आणि साखळी दुकान असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ईमेल पाठवला असता. चार ओळींचा: टॅगचा फोटो, बिलाचा फोटो, २०१७ च्या निकालाचा उल्लेख, ९९.९८ रुपये सात दिवसांत परत करा. बऱ्याचदा इथेच काम होतं, कारण मोठ्या कंपनीचा विधी विभाग तो निकाल ओळखून असतो. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर येतं, आणि ते पुढे पुरावा म्हणून कामी येतं.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय बंगळुरूला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागतच नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून स्वतः दाखल करता येते. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. मागणी करताना फक्त ९९.९८ रुपये आणि मानसिक त्रासाचे पैसे मागून थांबू नका. कलम ३९ खाली आयोग ती प्रथा बंद करण्याचा आदेश देऊ शकतो, खुलाशाची जाहिरात द्यायला लावू शकतो, आणि ओळख पटवणं कठीण अशा असंख्य ग्राहकांचं नुकसान झालं असेल तर वेगळी रक्कमही भरायला लावू शकतो. त्या सेलमध्ये प्रत्येक बिलावर असाच कर लागला असणार, आणि दुकानदाराला खरी धास्ती या मागणीची असते. नुकसानभरपाईचा आकडा मात्र वाजवी ठेवा. शंभर रुपयांच्या तक्रारीत पाच लाख मागणाऱ्याकडे आयोग संशयानेच बघतो.

जाहिरातीपुरतीच तक्रार करायची असेल तर आणखी एक वाट आहे, जी फार कमी लोक वापरतात. कलम १७ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे करता येते. प्राधिकरण १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्यातून तुमचे पैसे परत मिळणार नाहीत, पण फलक उतरू शकतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी करायला आडकाठी नाही.

आयोगात यायला खरेदीपासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई नाही. घाई आहे ती बिलाची. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरंफटक पडतं, पाकिटात ठेवलं तर आणखी लवकर. आजच त्याची झेरॉक्स काढा, फोटो काढा, आणि दुकानासमोरून जाणार असाल तर फलक अजून लावलेला आहे का बघून त्याचाही एक फोटो घ्या, खालच्या बारीक ओळी वाचता येतील इतक्या जवळून.